पैठणीच्या नावानं चांगभलं

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्यात गोखले रोडवर उभं राहिलं की वाटतं, महाराष्ट्रातला विणकर आता सोन्याच्या ताटात जेवत असणार. जिकडे बघावं तिकडे काठ आणि पदर. शिवलेली नऊवारी घालून बुलेटवर बसलेल्या मुली, पैठणीचे परकर-पोलके घातलेल्या चिमुरड्या, पैठणीच्या काठाची जाकिटं घातलेले त्यांचे बाप. पर्सवर पैठणी, चपलेवर पैठणी, मोबाइलच्या कव्हरावर पैठणी, दाराच्या तोरणावरसुद्धा पैठणी. एवढे मोर एकाच वेळी पिसारा फुलवून नाचतात म्हणजे ते मोर विणणाऱ्याच्या घरी धो धो पाऊस पडला असणार.

तिथं कोरडा दुष्काळ आहे. डोंबिवलीनं १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि मग ठाण्यानं ती डोक्यावर घेतली, त्याला आता पाव शतक उलटून गेलं. या पाव शतकाच्या दोन टोकांचे सरकारी आकडे बघा. १९९५-९६च्या हातमाग गणनेत देशात साडेपासष्ट लाख माणसं हातमागाच्या कामात होती. २००९-१०च्या गणनेत ४३ लाख उरली. २०१९-२०च्या चौथ्या गणनेत ३५ लाख. म्हणजे आपण संस्कृती वाजतगाजत रस्त्यावर आणत होतो, त्याच काळात संस्कृती विणणारे जवळजवळ निम्मे मागावरून उठून गेले. आणि जे बसून आहेत त्यांचं काय? तीच चौथी गणना सांगते की दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे. यात ईशान्येकडच्या घरगुती विणकाम करणाऱ्या बायका फार मोठ्या संख्येनं आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा पैठणी विणणाऱ्या येवल्याला चिकटवू नये, हे मला मान्य आहे. पण पाच हजार म्हणजे किती हे आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याला समजावं म्हणून सांगते: आमच्याकडे जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये महिन्याचा मेंटेनन्स याहून जास्त येतो. तोही गाडीच्या पार्किंगवरून भांडून झाल्यावर.

हा विषय आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात काढला की एक उत्तर ठरलेलं असतं. 'काळ बदलतो हो. यंत्र आलं की हात मागे पडणारच. टांगेवाले गेले तसे हेही जाणार.' बोलणारीचा मुलगा अमेरिकेत असतो आणि तिच्या अंगावर पॉलिएस्टरचे मोर असतात. मला या उत्तराची चीड येते, कारण ते खोटं आहे. रिक्षावाल्यानं कधी आपल्या रिक्षेला टांगा म्हणून पाटी लावली नाही. टांग्याचं नाव सांगून त्यानं कुणाकडून टांग्याचं भाडं घेतलं नाही. यंत्रमागानं मात्र नेमकं हेच केलं. त्यानं पैठणीला बाजारात हरवलं असतं तर मी गप्प बसले असते. त्यानं पैठणीचं नाव चोरलं, आणि चोरीचा माल विकत घेणाऱ्यांची रांग आमच्या राम मारुती रोडवर दिवाळीत फुटपाथ ओलांडून जाते.

चोरी कशाची झाली हे कळायचं असेल तर मूळ वस्तू काय आहे ते नीट बघावं लागेल. येवल्यात माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात. एका बाजूनं ताणा ओढलेला, आणि बाणा टाकायचा धोटा हातात. पैठणीच्या अंगाचा रंग वेगळा आणि काठाचा वेगळा असेल तर दोन्हीला वेगवेगळे धोटे लागतात आणि दोन रंगांची गाठ प्रत्येक फेरीत एकमेकांत अडकवून घ्यावी लागते. पदराला आलं की काम आणखी हळू होतं. तिथं धोटा चालत नाही, तिल्ल्या चालतात. एकेका मोरासाठी, मुनियासाठी, वेलीसाठी रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्या, पदरभर डझनांनी लटकलेल्या. ताण्याचे धागे मोजायचे, तिल्ली आत घालायची, शेजारच्या रंगात अडकवायची, बाहेर काढायची, पुढची घ्यायची. दिवसभर मान खाली घालून बसलं तरी पदर काही बोटं पुढे सरकतो. साधी पैठणी कित्येक आठवडे खाते. भरगच्च पदराची असेल तर महिनेच्या महिने जातात. घरातली बाई कांड्या भरते, पोरगं शाळेतून आलं की धागा सांधायला बसतं, आणि मजुरी मिळते ती एका साडीची. पावसाळ्यात खड्ड्यात ओल येते, पाय गारठतात, गुडघे धरतात. चाळिशीत डोळे जातात. विणकरांच्या वस्तीत चष्मा आणि पाठदुखी ही वयाची लक्षणं मानत नाहीत.

या सगळ्या कष्टाचा पुरावा साडीच्या मागच्या बाजूला असतो. हातानं विणलेली पैठणी उलटी करा, मोर तसाच दिसतो. पाठीला लोंबणारे धागे नाहीत, कापलेली टोकं नाहीत, कारण प्रत्येक रंग जिथं हवा तिथंच फिरून परत आलेला असतो. यंत्रावर झालेली नक्कल उलटी करा, मागे सगळे धागे आडवे पळताना दिसतात किंवा कातरून टाकलेले असतात. ओळखायला पदवी लागत नाही. साडी उलटी करायला हात लागतो, तोही फक्त एक. तरीसुद्धा आमच्याकडे शिकल्यासवरल्या बायका, बँकेतून निवृत्त झालेल्या, लेकीच्या परदेशी विद्यापीठाची फी डोळ्यात तेल घालून तपासणाऱ्या, साडी उलटी करत नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ती उलटी करायचीच नसते.

एका दुकानात (कुठलं ते विचारू नका, सगळीकडे हाच संवाद ऐकायला मिळतो) विक्रेत्यानं माझ्यासमोर निळी साडी उलगडली. 'ताई, ओरिजिनल येवला.'

मी पदर उलटा केला. धागे कातरलेले. 'हातमागाची आहे?'

'ओरिजिनल आहे ताई.'

'ते कळलं. हातमागाची आहे का?'

'सेमी आहे. पण प्युअर सेमी.'

'प्युअर सेमी' हे काय प्रकरण आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. मी म्हटलं, बिलावर यंत्रमाग असं लिहून द्याल? तो हसला. 'बिलावर आम्ही नुसतं साडी लिहितो.' त्याच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलंच नसणार. दुकानाच्या काचेवर पैठणी, विक्रेत्याच्या तोंडी पैठणी, गिऱ्हाइकाच्या मनात पैठणी, आणि कायद्यानं जिथं सापडता येईल त्या एकमेव कागदावर नुसतं 'साडी'. याला चोख धंदा म्हणतात.

आणि कायदा नाही असं नका म्हणू. कायदे इतके आहेत की त्यांचाच एक पदर विणता येईल. हातमागासाठी काही वस्तूंचं उत्पादन राखून ठेवणारा कायदा संसदेनं १९८५ साली केला. आधी २२ प्रकार राखीव होते. यंत्रमागवाल्यांनी ओरड केली, खटले झाले, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला, आणि तीन वर्षांत सरकारनंच यादी कापून ११वर आणली. न्यायालयात जिंकलेला विणकर मंत्रालयात हरला. जे ११ प्रकार उरले ते यंत्रमागावर काढले तर १९८५च्या कायद्यात शिक्षा काय? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे पाच हजारांपर्यंत दंड. पाच हजार! १९८५ साली ती रक्कम काही तरी असेल. आज तेवढ्यात एक बरी 'प्युअर सेमी' येत नाही. मग २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ते नाव येवला-पैठणच्या विणकरांचं, दुसऱ्यानं ते आपल्या मालावर खोटं लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हा कायदा १९९९चा, स्वागतयात्रेच्याच वर्षाचा. त्याखाली राम मारुती रोडवरच्या कुठल्या दुकानाला टाळं लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. २००४ साली सिल्क मार्क आला, २००६ साली हातमागाचा शिक्का आला, २०१५ साली 'इंडिया हॅण्डलूम' नावाचा आणखी एक शिक्का आला. शिक्के वाढत गेले, माग कमी होत गेले.

७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ साली त्या दिवशी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशीची घोषणा झाली, म्हणून २०१५पासून तो पाळतात. त्या दिवशी मंत्री हातमागाचे कपडे घालून फोटो टाकतात. आता २०२० साल आठवा. टाळेबंदी, लग्नं बंद, म्हणून साड्या बंद, म्हणून माग बंद. व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल अंगावर, आणि तयार माल घडी करून ट्रंकेत. अशा वेळी, २७ जुलै २०२० रोजी, हातमाग दिनाला अकरा दिवस उरले असताना, केंद्र सरकारनं अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त केलं. कित्येक वर्षं चालत आलेलं, विणकरांचे प्रतिनिधी जिथं निदान बसू शकत होते असं ते एकमेव सरकारी टेबल. कारण दिलं: किमान सरकार, कमाल कारभार. ते मंडळ फार मोठे दिवे लावत होतं असं मी म्हणत नाही. पण टेबल डुगडुगतं म्हणून कुणी ते जाळून टाकत नाही. अकरा दिवसांनी फोटो मात्र ठरल्याप्रमाणे आले.

त्याआधी २०१७ साली हातमागाच्या कापडावर आणि सुतावर जीएसटी लागला. पाच टक्के. स्वतंत्र भारतात हातमागावर असा कर याआधी नव्हता. पाचाचे बारा करायचा निर्णयही झाला होता. देशभर आरडाओरडा झाला म्हणून २०२१च्या ३१ डिसेंबरला, अंमल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तो पुढे ढकलला.

आता राज्याकडे वळू, कारण दिल्लीला शिव्या घालणं मराठी माणसाला फार सोपं जातं. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ साली नागपुरात स्थापन झालं. केंद्राची १९७६ची जनता कापडाची योजना आली तेव्हा गरिबांना स्वस्त साड्या-धोतरं पुरवायची आणि ती हातमागावर विणून घ्यायची, असा मार्ग होता. त्या योजनेला शंभर नावं ठेवता येतील. कापड जाडंभरडं, मजुरी तुटपुंजी, मधे दलालांची साखळी. तरी गरिबाच्या अंगावरचं वस्त्र गरिबाच्या मागावर तयार व्हावं एवढी अक्कल तिच्यात होती. आता २०२३चं धोरण पाहा. अंत्योदय शिधापत्रिकेवर प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एक साडी मोफत. कुठून येते ती? राज्य यंत्रमाग महामंडळाकडून, यंत्रमागावर विणलेली. सरकारला एकगठ्ठा लाखो साड्या हव्या होत्या, गिऱ्हाईक खुद्द सरकार होतं, किंमत तेच ठरवणार होतं, आणि त्यातल्या काही हजार तरी हातमागावर विणून घ्याव्यात असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जव्हारच्या आदिवासी बायकांनी २०२४ साली त्या साड्या तहसील कार्यालयात नेऊन परत केल्या आणि म्हणाल्या, साडी नको, काम द्या. आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या त्या बायकांना जे कळलं ते वस्त्रोद्योग विभागाला कळलेलं नाही.

हातमागवाल्यांना त्याच धोरणात काय मिळालं? उत्सव भत्ता. प्रमाणित पारंपरिक विणकराला गणपतीत वर्षातून एकदा दहा हजार, बाई असेल तर पंधरा हजार. शिवाय दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत. घेणाऱ्यानं जरूर घ्यावं, हक्कानं घ्यावं. पण ज्याच्या मालाचं नाव बाजारात राजरोस चोरीला जातं, त्याला पोलिसानं तक्रार न लिहिता चहाला पैसे द्यावेत, असा हा प्रकार आहे.

आणि मग 'खेळ पैठणीचा'. टीव्हीवर २००४पासून 'होम मिनिस्टर'नं घराघरात पैठणी नेली, येवल्याचं नाव गावोगावी पोचवलं, हे श्रेय द्यायलाच हवं. त्याची जी नक्कल नवरात्रात आणि संक्रांतीला गल्लोगल्ली चालते तिची गोष्ट वेगळी. भावी नगरसेवक, आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, सगळे पैठण्या वाटतात. मंडपात बायका लिंबू-चमचा घेऊन पळतात, फुगे फोडतात, आणि बक्षीस म्हणून चकचकीत खोक्यातून जे निघतं ते बहुतेक वेळा घाऊक बाजारातून गठ्ठ्यानं आणलेलं कृत्रिम धाग्याचं कापड असतं. फलकावर नेत्याचा हसरा चेहरा, खाली मोर, त्याखाली 'मराठी अस्मिता'. एकाही नेत्यानं मंडपात एका विणकराला बोलावून त्याच्या हातून साडी द्यावी? त्याला प्रवासखर्च द्यावा? छे. अस्मिता स्वस्तात भागत असेल तर महाग कोण घेणार!

भिवंडीकडे बोट दाखवून काही लोक माझं बोलणं तोडतात. 'तुमच्या शेजारीच तर यंत्रमाग आहेत.' आहेत. नौपाड्यातून भिवंडी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, वाहतूक मोकळी असेल तर, म्हणजे कधीच नाही. पण भिवंडीची गोष्ट वेगळी आहे. १८५७नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर तिथं आधी हातमागच चालवत होते. वीज आली तसे यंत्रमागावर गेले. तिथला कामगार आज बारा-बारा तासांच्या पाळीत, कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात, मीटरवर मजुरी घेतो आणि प्रामुख्यानं कोरं कापड काढतो. मंदी आली की माग भंगाराच्या भावानं वजनावर जातात. तो पैठणी चोरत नाही, त्याचंही कुणी तरी चोरतंय. नकली पैठणीचे ठोक व्यापारी सुरतेला, बनारसला बसतात, आणि दुःख याचं की येवल्यातही बसतात. येवल्याला साडी घ्यायला म्हणून खास गाडी करून जाणाऱ्या नौपाडकरांच्या गळ्यात तिथल्या रस्त्यावरच्या दुकानांत सेमी मारली जाते आणि 'थेट विणकराकडून आणली' म्हणून ती इथं मिरवली जाते.

कापडाशी ठाण्याचं नातं काही कालपरवाचं नाही. तेराव्या शतकात मार्को पोलोनं ठाण्याहून परदेशी जाणाऱ्या मालात सुती कापडाची नोंद केली. १९२५पासून रेमंडची गिरणी इथं लोकर विणत होती. २००९ साली ती बंद पडली आणि आता तिच्या जमिनीवर मनोरे उभे आहेत. त्यांच्या जाहिरातींत झाडं आहेत, जलतरण तलाव आहे. गिरणी कुठेच नाही.

राहता राहिला 'परवडत नाही' हा मुद्दा. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही. पॉलिएस्टर नेसा, उजळ माथ्यानं नेसा, फक्त त्याला पैठणी म्हणू नका. हातमागाचं सुती लुगडं, इरकली, खण, विदर्भातली करवतकाठी असं बरंच काही आहे जे लाखांत जात नाही. माझं भांडण आहे ते ज्यांना परवडतं त्यांच्याशी. मुलीच्या संगीताला एक रात्र घालायचा लेहेंगा लाखाचा. केटररच्या ताटामागे बाराशे-पंधराशे, आणि उरलेलं अन्न कचऱ्यात. तीच मंडळी एखाद्या कार्यालयात हातमागाचं प्रदर्शन लागलं की विणकराच्या टेबलावर ओणवी होऊन म्हणतात, 'भाऊ, शेवटचं सांगा.' भाऊनं शेवटचं सांगितलं की म्हणतात, 'अहो, राम मारुतीवर अशीच दोन हजारांत मिळते.' तो काही बोलत नाही. साडीची घडी घालतो. कारण ती 'अशीच' नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे फक्त तिची पाठ आहे, आणि पाठ बघायला कुणी थांबत नाही.

मला अशा वेळी गणेश वासुदेव जोशी आठवतात. नौपाड्यात दर तिसऱ्या दारावर या आडनावाची पाटी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. हे पुण्याचे वकील, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७७च्या दिल्ली दरबाराला, राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आलेले असताना, हा माणूस हातानं कातलेल्या-विणलेल्या जाड्या कपड्यांत जाऊन उभा राहिला. गांधी तेव्हा सात वर्षांचे होते. सहा वर्षांनी जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात परदेशी मालापायी उपाशी बसलेल्या साळी-कोष्ट्यांची दखल आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या ब्राह्मण वकिलाला आणि फुल्यांना, एरवी कितीही मतभेद असोत, विणकर का मरतो हे ठाऊक होतं. तेव्हा मँचेस्टरचं कापड निदान मँचेस्टरच्या नावानं यायचं.

मला विणकरासाठी दया नको आहे, देणगी नको आहे, आणखी एक शिक्का तर मुळीच नको. नाव परत हवं आहे. पैठणीच्या मानांकनाचा कायदा राबवायला नवं मंडळ लागत नाही. ठाण्यात लग्नसराईत आठवडाभर दहा दुकानं तपासली आणि दोघांवर गुन्हे नोंदवले तरी बाकीच्यांच्या काचेवरच्या पाट्या रातोरात बदलतील. सरकार ते करणार नाही, हे मी गृहीत धरते. म्हणून तुम्हाला सांगते. या दिवाळीत, या लग्नसराईत, पैठणी म्हणून कुणी साडी समोर टाकली की ती आधी उलटी करा. मग बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: हातमाग की यंत्रमाग, धागा कोणता, विणली कुठे. लिहून दिलं तर जो भाव असेल तो न कुरकुरता मोजा. लिहून दिलं नाही तर साडी तिथंच ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.